बाळंतिणीची रजा आणि बाळाची रजा: न्यू जर्सीत पैसे नेमके कुठे अडकतात

एडिसन काय, जर्सी सिटी काय, मराठी घरात गोड बातमी कळली की आठवड्याभरात दोन प्रश्न हमखास येतात. आई येणार की सासूबाई? आणि मॅटर्निटी लीव्ह किती मिळते? पहिल्याचा निकाल बहुतेक वेळा व्हिसाची तारीख लावते. दुसऱ्याचं उत्तर अवघड आहे, कारण न्यू जर्सीत ‘मॅटर्निटी लीव्ह’ नावाचा सरकारी लाभच नाही. त्याऐवजी दोन वेगळे विमे आहेत आणि ते एकामागून एक चालतात. पैसे रखडल्याच्या बहुतेक कहाण्या मला तरी या दोघांच्या सांध्यावरच सापडतात.

तुमच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, दोन बारीक कपाती दिसतील, एक एसडीआय आणि दुसरी एफएलआय. पहिली टेम्पररी डिसॅबिलिटी इन्शुरन्सची, म्हणजे तात्पुरत्या आजारपणाच्या विम्याची, ज्याला सगळे टीडीआय म्हणतात. दुसरी फॅमिली लीव्ह इन्शुरन्सची. २०२५ साली पगारातून टीडीआयसाठी ०.२३ टक्के आणि एफएलआयसाठी ०.३३ टक्के कापले जात होते, तेही पगाराच्या पहिल्या १,६५,४०० डॉलरवरच. टीडीआयच्या निधीत मालकाचाही वाटा असतो, एफएलआय मात्र पूर्णपणे कामगारांच्या पैशावर चालतो. ‘सरकारकडून पैसे घेतले तर ग्रीन कार्डाला अडचण येईल का?’ असं अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. ही सरकारी मदत नव्हे. तुम्ही हप्ता भरलेला हा विमा आहे आणि ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे अर्जदार सरकारवर भार होईल का याच्या, हिशेबात तो धरला जात नाही.

टीडीआय ही बाळंतिणीची रजा. तिचा संबंध फक्त शरीराशी. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे काम करता येत नाही असं डॉक्टरने लिहून दिलं की ती लागू होते. सर्वसाधारण बाळंतपणात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी चार आठवडे आणि नंतर सहा, सिझेरियन असेल तर नंतर आठ. आपला सव्वा महिना आणि इथले सहा आठवडे जवळपास जुळतात ही गंमतच. शेक-शेगडी आणि अळिवाच्या लाडवांच्या हिशेबापासून राजधानी ट्रेंटनमधलं सरकार फार लांब नाही. काही गुंतागुंत झाली आणि डॉक्टरने तसं लिहून दिलं, तर ही रजा जास्तीत जास्त २६ आठवड्यांपर्यंत वाढते.

घोळ होतो तो याच २६ च्या आकड्याने. भारतात २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि ते पैसे मालक देतो. पुण्याहून बदलून आलेली मुलगी इथल्या माहितीपत्रकात ‘२६ आठवडे’ वाचते आणि निश्चिंत होते. पण इथले २६ म्हणजे आजारपणाची कमाल मर्यादा. डॉक्टरने ‘बरी झाली’ म्हटलं की ही रजा संपली, मग सहाच आठवडे झाले असले तरी.

तिथून पुढे एफएलआय, बाळाची रजा. हिचा शरीराशी काही संबंध नाही, म्हणून ती बापालाही मिळते, दत्तक घेणाऱ्यांनाही मिळते. उलट, गर्भपात झाला किंवा बाळ दगावलं, तर आईला सावरण्यासाठी टीडीआय असतो, एफएलआयची बाळासोबतची रजा नसते. २००९ साली ही योजना सुरू झाली तेव्हा सहा आठवडे मिळायचे. जुलै २०२० पासून सलग १२ आठवडे मिळतात, किंवा तुकड्यातुकड्याने ५६ दिवस, आणि बाळ वर्षाचं व्हायच्या आत ती घ्यावी लागते. सगळं सुरळीत गेलं तर आईचे चार, सहा आणि बारा मिळून २२ आठवडे होतात, सिझेरियनमध्ये २४. पगारी रजा आणि एफएलआय एकाच दिवसांसाठी घेता येत नाहीत.

दोन्हींची रक्कम सारखीच: सरासरी आठवडी पगाराच्या ८५ टक्के, पण वर मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती आठवड्याला १,०८१ डॉलर होती. आठवड्याला १,००० डॉलर कमावणाऱ्या बाईला ८५० मिळतील. २,००० कमावणारीला १,७०० मिळतील असं वाटतं, पण हातात १,०८१ च पडतात. आयटीतल्या बहुतेक घरांना ही मर्यादा आडवी येते. घराचा हप्ता चालू असताना हे आधी कळलेलं बरं.

आता रखडण्याकडे वळू.

टीडीआयचा क्लेम अडकतो तो बहुधा डॉक्टरच्या ऑफिसात. अर्जाचा तुमचा भाग तुम्ही भरला म्हणजे अर्ज पूर्ण झाला असं होत नाही. डॉक्टरचा वैद्यकीय भाग येईपर्यंत तो नुसता पडून राहतो. मोठ्या प्रॅक्टिसमध्ये हे फॉर्म डॉक्टर भरत नाहीत, एक ठरावीक माणूस भरतो. त्या माणसाचं नाव पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. ‘आम्ही पाठवलंय’ या उत्तरावर थांबू नका. कोणत्या तारखेला आणि कसं पाठवलं ते विचारा, आणि प्रत मागून घ्या. गरोदरपणाची रजा आधी ठाऊक असते, म्हणून अर्ज ती सुरू व्हायच्या ६० दिवस आधीपासूनच करता येतो. ही सवलत न वापरणं म्हणजे हातची सोय सोडून देणं. पहिल्या सात दिवसांचे पैसे सुरुवातीला येत नाहीत म्हणूनही काही जणी घाबरतात. टीडीआयला हा प्रतीक्षेचा आठवडा असतो आणि रजा तीन आठवड्यांहून लांबली की तोही भरून मिळतो. एफएलआयला असा आठवडा नाही.

मग येतो तो सांधा. टीडीआय मंजूर होतो तो अपेक्षित तारखेच्या अंदाजावर. बाळ मात्र त्याच्या मुहूर्तावर येतं. ड्यू डेट १० तारखेची, बाळ आलं १९ ला, तेही सिझेरियनने. सरकारी नोंदीत अजून १० तारीख आणि सहा आठवडे, त्यामुळे पैसे मधेच थांबतात. घरात बारशाची गडबड, रात्रीची झोप नाही, आणि आई म्हणते, ‘क्लेम तर मंजूर होता ना?’ मंजूर होता, पण प्रसूतीची खरी तारीख आणि प्रकार कोणी कळवलाच नव्हता. सिझेरियनचे जादा दोन आठवडे डॉक्टरच्या नव्या कागदाशिवाय मिळत नाहीत. स्टेट प्लॅनमधून टीडीआय घेणाऱ्या आईला प्रसूतीनंतर एफएलआयकडे वळण्याच्या सूचना येतात, पण त्यासाठी बाळ जन्माला आल्याचं आधी तिकडे कळायला हवं. एफएलआय आपोआप सुरू होईल या समजुतीने महिना वाया जातो. बाळाच्या जन्माची तारीख कळवणं हे काम बापाकडे सोपवावं असं माझं ठाम मत आहे. दवाखान्यातल्या बॅगेच्या यादीत तेही लिहा.

बापाचा एफएलआय वेगळ्याच ठिकाणी अडतो. त्याला आधीचा टीडीआय नसतो, म्हणून त्याचा क्लेम कोरा असतो आणि सगळं पगाराच्या नोंदींवर येऊन थांबतं. पात्रतेसाठी २०२५ मध्ये आधारवर्षात, म्हणजे रजेआधीच्या ५२ आठवड्यांत, २० आठवडे प्रत्येकी किमान ३०३ डॉलर, किंवा एकूण १५,२०० डॉलर पगार लागत होता. वर्षभरात दोन कंपन्या बदलल्या असतील किंवा एखाद्या मालकाने तिमाहीचा पगार नीट नोंदवला नसेल, तर चौकशी सुरू होते. पे-स्टब आणि डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, जवळ असतील तर ती लवकर मिटते. शिवाय सलग रजेसाठी मालकाला ३० दिवस आधी सांगावं लागतं. ‘बाळ आल्यावर बघू’ म्हणणारे बाप इथे अडकतात.

काही क्लेम मात्र रखडलेले नसतातच, चुकीच्या दारात उभे असतात. काही मालक सरकारी योजनेऐवजी मंजूर खासगी योजना घेतात. तिथे अर्ज विमा कंपनीकडे जातो, सरकारकडे नाही. एचआरला एकच प्रश्न विचारा: स्टेट प्लॅन की प्रायव्हेट प्लॅन? दुसरं चुकीचं दार हडसन नदीपलीकडे, न्यूयॉर्क राज्यात आहे. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, काम कुठे करता याला आहे. जर्सी सिटीत एकाच मजल्यावरच्या दोघी, एक नुआर्कला जाणारी आणि दुसरी मॅनहॅटनला, दोन वेगळ्या कायद्यांत मोडतात. मॅनहॅटनवालीचा आजारपणाचा विमा आठवड्याला फार तर १७० डॉलर देतो. हो, १७०, आणि हा आकडा कित्येक वर्षांत हललेला नाही. तिचं बाळाच्या रजेचं माप मात्र बरंच बरं आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १८ दिवसांत विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात किंवा नकार कळवावा लागतो.

नोकरी राखली जाण्याचा प्रश्न या विम्यांच्या पैशांहून वेगळा. त्यासाठी केंद्राचा एफएमएलए हा रजेचा कायदा आणि राज्याचा फॅमिली लीव्ह कायदा आहे, आणि त्यांच्या अटी निराळ्या. पैसे आले म्हणून खुर्ची शाबूत, असं समजू नका.

सगळं नीट भरूनही आठवडे सरले, तर दुसरा अर्ज टाकू नका. एकाच माणसाचे दोन क्लेम म्हणजे दुप्पट गोंधळ. हे विमे राज्य सरकारचं खातं चालवतं, म्हणून वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसमनकडे जाऊन उपयोग नाही. न्यू जर्सीचे ४० विधिमंडळ मतदारसंघ आहेत, आणि प्रत्येकात एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. त्यांच्या स्थानिक कार्यालयात रखडलेल्या क्लेमची विचारपूस करणारी माणसं असतात. मतदार नसलात तरी रहिवासी म्हणून बिनदिक्कत फोन करा. फोन करताना क्लेम नंबर, अर्जाची तारीख, डॉक्टरने कागद पाठवल्याची तारीख आणि बाळाची जन्मतारीख एकाच कागदावर समोर ठेवा. बाळ रडायला लागलं की यातली एकही आठवत नाही.