आपली बोली बोलतो म्हणून तो सामुदायिक रेडिओ होत नाही

अमीन सायानी मुंबईकरांना नव्याने सांगायला नकोत. १९५२ मध्ये आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावून घेतलं होतं, तेव्हा त्यांच्या निवेदनातली सिनेगाण्यांची ‘गीतमाला’ इथे मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून घरोघर पोचली. पण त्यावरून जो तो म्हणतो की सायानींनी रेडिओ मोकळा केला आणि तोच वारसा सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांच्या सहभागाने चालणारं तिथलं छोटं केंद्र, चालवतो. वाक्याचा दुसरा भाग ऐकून मी खरंच वैतागलो आहे. ‘गीतमाला’ टूथपेस्टच्या कंपनीने पुरस्कृत केलेला कार्यक्रम होता. बोलणारा एक, ऐकणारे लाखो. त्याचा वारस खासगी एफएम.

सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर खासगी एफएमपेक्षा छोटा, सहसा १०० वॅटचा, म्हणजे पल्ला काही किलोमीटरच. हा फरक किरकोळ आहे.

गफलत होते ती वेगळीकडे. खासगी एफएमचा निवेदक ‘काय भावा’ म्हणाला, विरारच्या गर्दीवर बोलला, की तो लोकांना ‘आपला’ वाटतो. पण तो कंपनीचा पगारी माणूस असतो. सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्थेला, कृषी विज्ञान केंद्राला किंवा ना-नफा संस्थेला मिळतो. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही. आणि निदान निम्मे कार्यक्रम त्या भागातल्या लोकांच्या सहभागातून व्हावे लागतात. वेसाव्याच्या कोळणीवर कुणी पाच मिनिटं गोड बोललं, तर तो खासगी एफएम. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकलेले असताना पाऊस आला तर काय करायचं, हे तिनेच माइकवर सांगितलं, तर तो सामुदायिक. मला दुसराच ऐकायचा असतो.

आता अभिव्यक्तीचं. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरीही स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला दोघांनाही बंदी आहे. खासगी एफएमचं त्यावाचून अडत नाही, त्याच्याकडे गाणी आहेत. वस्तीतल्या केंद्राचं मात्र पदोपदी अडतं. उद्या पाणी रात्री दोनला येणार, ही सूचना त्याला देता येते. गेली चार वर्षं ते दोनलाच का येतं, हे तिथल्या बाईने नगरसेवकाचं नाव घेऊन विचारलं, की ती चालू घडामोड ठरते आणि परवाना धोक्यात येतो.