नेट का गेलं? घरी आणि ऑफिसात सांगायची कारणं
(आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी)

नेट गेलं की ग्राहकाला दोन गोष्टी हव्या असतात: नेट, आणि ते का गेलं याचं कारण. पहिलीसाठी आमचा मुलगा स्कूटर घेऊन निघालेला असतो, पण तो राजवाड्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकतो. तोवर दुसरीची सोय म्हणून हे पत्रक. पहिलं कारण चारचौघांत सांगा, खरं कारण स्वतःजवळ ठेवा.

देवघरात वायफाय येत नाही
वायफाय सोवळ्यात नसतं, म्हणून उंबऱ्याशीच थांबतं. आजींना हे लगेच पटतं.
खरं कारण: जुन्या घरांच्या जाड भिंती. वायफायच्या लहरी दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातली ५ ची या भिंतींत २.४ च्या आधी दम टाकते. त्यात राउटर लोखंडी कपाटामागे! तो आधी बाहेर काढा, सांगून सांगून थकलो.

मायक्रोवेव्ह लावला की कॉल तुटतो
लहरी इंदूरच्या, पोह्यांचा वास आला की तिकडेच वळणार.
खरं कारण: मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या २.४ च्या पट्ट्यातच. फोन ५ वर जोडा. पोहे मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं हा इंदुरात तसाही गुन्हाच.

रात्री नेट रांगतं
पॅकेटं (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) सराफ्यात खायला थांबतात.
खरं कारण: एका फायबरवर स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात, आणि जेवणं आटोपली की सगळे एकदम व्हिडिओ लावतात.

अख्ख्या ऑफिसचं नेट एकदम बसलं
स्विचमध्ये (ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे जोडतात त्या डबीत) रंगपंचमीची गेर निघाली आहे.
खरं कारण बहुतेक वेळा असं: झाडताना कोणाला तरी वायरीचं एक टोक लोंबकळताना दिसतं. निसटलं असेल म्हणून तो ते रिकाम्या भोकात नीट, टक् आवाज येईपर्यंत खोचतो. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. आता सगळ्यांसाठी निघालेला प्रत्येक निरोप एका दारानं बाहेर पडून दुसऱ्या दारानं आत येतो, तोही प्रती काढत.
तो थांबत का नाही? इंटरनेटच्या पॅकेटला आयुष्य मोजून दिलेलं असतं, बहुधा ६४ किंवा १२८. दर राउटरपाशी त्यातून एक वजा. शून्यावर आलं की पॅकेट संपतं, आणि तो राउटर बहुतेकदा पाठवणाऱ्याला तसं कळवतोही. (ही थट्टा नाही, खरंच असं आहे.) ऑफिसातल्या वायरींवर, म्हणजे इथरनेटवर, निरोप ज्या पाकिटात फिरतो त्या फ्रेमला मात्र अशी मर्यादाच नाही, त्यामुळे साध्या स्विचमध्ये वायर उपटेपर्यंत गेर चालूच. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेलेली वायर शोधा.

राउटर बंद करून चालू का करायचा?
त्याची वामकुक्षी राहिलेली असते. अर्धा मिनिट प्लग काढून ठेवा, मेमरी साफ होते आणि तो नव्यानं जोडला जातो. पण एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. मग लाइनवाल्यांना फोन करा आणि राउटरला झोपू द्या.