प्रभार गाडीवरचा आणि प्रभार अंगावरचा

कोरड्या हवेच्या दिवसांत गाडीतून उतरून दाराला हात लावताच बोटाला चटका बसतो, हा अनुभव बहुतेकांना आहे, आणि त्यामागे स्थिर विद्युत असते हेही बहुतेकांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो पुढे. हा प्रभार गाडीच्या पत्र्यावर साठलेला असतो की उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर, या प्रश्नाचे चुकीचे उत्तर इतके रूढ झाले आहे की लोक वर्षानुवर्षे भलताच उपाय करतात आणि झटके खात राहतात.

बॅटरीवरचा संशय आधी दूर करतो. गाडीच्या साध्या बॅटरीचा दाब 12 व्होल्ट असतो आणि तेवढ्याने कोरड्या त्वचेला काहीही जाणवत नाही. उलट स्थिर विद्युतेचा झटका जाणवायलाच साधारण 3,000 व्होल्ट लागतात. तेव्हा या झटक्यासाठी वायरिंग उघडून बसू नये.

धावत्या गाडीवर प्रभार येऊ शकतो, हे खरे आहे. मात्र टायरच्या रबरात सहसा कार्बन ब्लॅक मिसळलेले असते, त्यातून थोडीफार वीज वाहते आणि गाडी थांबल्यावर तो प्रभार जमिनीत उतरतो. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या टायरमधून तो अधिक सावकाश उतरतो, एवढाच फरक.

अंगावरचा प्रभार मात्र गाडी थांबल्यानंतर, उतरण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत डोके वर काढतो. बसलेले असताना आपले कपडे आणि सीटचे कापड यांच्यावर परस्परविरुद्ध प्रभार तयार होतात. पण दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना खेटून असल्याने ते एकमेकांचा परिणाम झाकतात आणि आपल्याला काही कळत नाही. आपण उठतो तेव्हा सीट आपल्या वाट्याचा प्रभार ठेवून घेते आणि विरुद्ध प्रभार आपल्याबरोबर बाहेर येतो. प्रभार तेवढाच राहतो, परंतु सीटपासून दूर जाताना शरीराची धारिता, म्हणजे प्रभार साठवून धरण्याची क्षमता, घटते, आणि धारिता घटली की त्याच प्रभाराचा दाब चढत जाऊन कधी 10,000 व्होल्टच्याही पुढे जातो. पायात रबरी तळव्याचे बूट असल्याने त्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. मग दार लावायला हात पुढे केला की ठिणगी उडते. खात्री करून घ्यायची असेल तर बराच वेळ बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच दाराला हात लावायला सांगावे; त्याला सहसा काहीच होत नाही.

म्हणूनच गाडीच्या मागे लोंबणारी रबरी अर्थिंग पट्टी सुचवली जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ती पट्टी पत्र्यावरचा प्रभार जमिनीत नेते, पण सीटवरून उठताना आपल्या अंगावर राहिलेल्या प्रभाराशी तिचा संबंधच येत नाही.

खरा उपाय फुकट आहे. सीटवरून अंग उचलण्यापूर्वी दाराच्या चौकटीचा रंग नसलेला धातूचा भाग, उदाहरणार्थ दाराचे लॅच ज्यात अडकते तो आकडा, उघड्या हाताने धरावा आणि पूर्ण बाहेर येऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नये. पुष्कळ जण आधी स्पर्श करतात, हात काढतात आणि मग उठतात. दाब तर उठतानाच चढतो, त्यामुळे आधीचा स्पर्श वाया जातो. धरायचे राहून गेलेच, तर धातूची किल्ली मुठीत घट्ट धरून तिचे टोक पत्र्याला लावावे. ठिणगी किल्लीच्या टोकाशी उडते, प्रवाह तळहाताच्या मोठ्या भागावर पसरतो आणि चटका जाणवत नाही. पॉलिएस्टरऐवजी सुती कपडे किंवा चामडी तळव्याचे बूट वापरल्यानेही फरक पडतो, पण धातू धरण्याची सवय मला अधिक भरवशाची वाटते.

पेट्रोल भरताना ही सवय सोयीपुरती राहत नाही. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, आणि अंगावरच्या ठिणगीत कित्येक मिलिज्यूल असू शकतात. पेट्रोल भरले जात असताना पुन्हा सीटवर जाऊन बसू नये. बसलोच, तर उतरल्यावर नोझलला हात लावण्यापूर्वी टाकीच्या तोंडापासून लांबच्या धातूला स्पर्श करावा.