बिल्डिंगचा कार्बन मोजायचा आणि बीईईचा स्टार घ्यायचाय? काय काय लागतं ते सांगतो (सांगली)

आमच्या विश्रामबागच्या बिल्डिंगमधे मी मेंटेनन्स बघतो. मधे एका भाडेकरूच्या हेड ऑफिसकडनं मेल आला की वर्षाचं वीज आणि डिझेल किती ते कळवा, कार्बन रिपोर्टला (वापरामुळं किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्या हिशोबाला) पाहिजे. सगळे म्हणाले हे काय नवीन. नवीन काही नाही, सेबीनं टॉपच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा वार्षिक अहवाल) कंपल्सरी केलाय, त्यामुळं त्यांच्या शाखा जिथं भाड्यानं बसल्यात तिथपर्यंत हे प्रश्न पोचायला लागलेत. आणि एकदा आकडे गोळा केलेच तर त्यातच स्टार रेटिंगचं निम्मं काम होतंय, म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो.

बीईई म्हणजे फ्रिज-एसीवर स्टार देणारी तीच केंद्राची संस्था, 2009 पासून बिल्डिंगला पण स्टार देते. सक्ती नाही, ऐच्छिक आहे. ऑफिस, मॉल, हॉस्पिटल, बीपीओ चालतात, कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता) 100 किलोवॅट किंवा जास्त पाहिजे आणि बिल्डिंग वर्षभर तरी वापरात असायला पाहिजे, कारण सगळा हिशोब 12 महिन्यांच्या खऱ्या वापरावर आहे, नकाशावरच्या अंदाजावर नाही. बिलावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड केव्हीएमधे असते, त्याच्याशी गल्लत करू नका. मिरजेतली बरीच मोठी हॉस्पिटलं या लोडमधे आरामात बसतील. फ्लॅटच्या सोसायट्यांचं लेबल वेगळं आहे, तो विषय इथं नको.

आता कागद. महावितरणची सलग 12 बिलं. ग्राहक क्रमांक असला की साइटवरनं निघतात, पण आमच्या खालच्या तीन गाळ्यांची मीटरं वेगळी, तिथं एक गाळेवाले काका विचारतात, "बिल कशाला पाहिजे, इन्कम टॅक्सवाले आलेत काय?" चहा पाजून दिली एकदाची. बंद गाळ्याचं बिल पण घ्या. मीटर स्वतः वाचणार असाल तर एमएफ बघा (मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे मीटरवरच्या फरकाला ज्यानं गुणायचं तो आकडा), आमच्या एचटी (उच्च दाबाच्या) मीटरवर महिन्याचा फरक 412 आणि बिलात 8240 युनिट, कारण एमएफ 20 आहे, पहिल्या महिन्यात मी 412 च लिहून बसलो होतो आणि खूश होतो की किती कमी वीज लागतीय.

जनरेटरचं लॉगबुक लागतं, किती तास चालला, किती लिटर गेलं, किती युनिट निघाले. आमचं जुनं लॉगबुक तळघरात होतं ते 2019 च्या पुरात गेलं, तेव्हापासनं दर महिन्याला पानाचा फोटो काढून ठेवतो, तुम्ही पण ठेवा. शिवाय एसी किती टनाचे, लायटिंगचा लोड, एसी असलेला एरिया, आठवड्याला किती दिवस किती तास ऑफिस चालतं, माणसं किती, हे सगळं फॉर्ममधे भरायचं असतं. हॉस्पिटल असेल तर बेड किती ते पण.

सगळ्यात जास्त घोळ एरियात होतो. बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो, भाडेकरार कार्पेटवर असतो, आणि इथं पाहिजे बिल्टअप, तो पण पार्किंग, लॉन, रस्ते वगळून आणि चौरस मीटरमधे. मंजूर नकाशाची कॉपी काढा, आर्किटेक्टकडनं लेखी घ्या आणि चौ. फुटाला 10.76 नं भागा. एरिया फुगवला की स्टार वाढतो हे खरंय, पण आकडे तपासायला कोणी आलं तर नकाशाच उघडतात.

मग ईपीआय (एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स), म्हणजे वर्षाचे युनिट भागिले एरिया, आकडा जितका कमी तितके स्टार जास्त. समजा वर्षाला 2,40,000 युनिट विकत घेतले, जनरेटरचे 5,000 आणि एरिया 2,000 चौ.मी. (साधारण 21,500 चौ. फूट), तर 122.5 आला. छतावरचं सोलर जे बनवतं ते यात धरत नाहीत, त्यामुळं सोलर असेल तर आकडा आपोआप उतरतो. किती ईपीआयला किती स्टार ते हवामानाच्या झोनवर आणि बिल्डिंगच्या प्रकारावर आहे, तो तक्ता आणि फी बीईईच्या पोर्टलवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्ते जुने असतात. अर्ज पण तिथंच ऑनलाइन, लेबल 5 वर्षं चालतं. राज्यात याचं काम महाऊर्जा (राज्य सरकारची ऊर्जा संस्था) बघते, मुख्य ऑफिस पुण्यात.

आता कार्बन. स्टार वेगळा, कार्बन वेगळा, बरेच जण एकच समजतात. ग्रीडच्या एका युनिटमागं हल्ली 0.72 किलोच्या आसपास सीओटू धरतात (केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा काढतं, त्या वर्षाचाच वापरा), म्हणजे 2,40,000 युनिटचे 173 टन झाले. डिझेल लिटरमागं 2.68 किलो, 1,500 लिटरचे 4 टन. जनरेटरचे युनिट ईपीआयमधे धरले तरी इथं परत धरायचे नाहीत, इथं फक्त लिटर. कँटीनचा गॅस असेल तर किलोमागं साधारण 3 किलो.

 

आणि जे कोणीच लिहीत नाही ते एसीचा गॅस. गळती झाली की मेकॅनिक येतो, गॅस भरतो, जातो. आर-410ए (एसीत असणारा एक गॅस) चा एक किलो हवेत गेला की 2,088 किलो सीओटूएवढा धरतात, म्हणजे वर्षात 10 किलो भरला असेल तर जवळपास 21 टन, अख्ख्या वर्षाच्या डिझेलच्या पाचपट! जुन्या आर-22 चा आकडा 1,810, नवीन आर-32 चा 675. आमच्या बिलांवर नुसतं "गॅस चार्जिंग 1 नग" लिहिलेलं, त्यातनं काय काढणार. आता मेकॅनिकला सांगून ठेवलंय, गॅसचं नाव आणि किलो बिलावर लिहिल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, तो कुरकुरतो पण लिहितो.