सहा खेळाडू आणि अडलेली चौथी फेरी

बुद्धिबळाची स्पर्धा, खेळाडू सहा. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळायचं नाही, एवढाच नियम. तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकाचे अजून दोन प्रतिस्पर्धी बाकी आहेत. तरीही चौथ्या फेरीच्या जोड्या काही केल्या लागत नाहीत, असं घडू शकतं.

कागदावर करून पाहा. सहा ठिपके काढा, त्यांना १ ते ६ आकडे द्या. पहिली फेरी १-२, ३-४, ५-६. दुसरी २-३, ४-५, ६-१. तिसरी १-४, २-५, ३-६. आता जे अजून भेटलेले नाहीत त्यांच्यात रेघ मारा. दोन सुटे त्रिकोण दिसतील: १-३-५ आणि २-४-६. त्रिकोणात एक जोडी लावली की तिसरा उरतोच, आणि पलीकडच्या त्रिकोणातल्या तिघांशीही तो आधीच खेळलेला असतो.

अशा चित्राला गणितात आलेख म्हणतात, आणि प्रत्येक ठिपका नेमक्या एका जोडीत बसला की परिपूर्ण जुळणी. ती कधी अशक्य असते, हे गणितज्ञ विल्यम टट यांनी १९४७ मध्ये पूर्णपणे सोडवलं. काही ठिपके पुसल्यावर विषम संख्येने ठिपके असलेले सुटे तुकडे पुसलेल्या ठिपक्यांपेक्षा जास्त उरत असतील, तर जुळणी नाही. तसं कुठल्याच ठिपक्यांबाबत होत नसेल, तर ती नक्की आहे. आपल्या चित्रात एकही ठिपका न पुसता असे दोन तुकडे आहेत. मला या प्रमेयाचं फार अप्रूप वाटतं: 'जमत नाही' याचाही पुरावा पंचांना दाखवता येतो.

खरी चूक तिसऱ्या फेरीतली. तेव्हा चार मांडण्या शक्य होत्या आणि त्यांतली एकच घातक होती. तिच्याऐवजी १-४, ३-५, २-६ घेतली असती, तर चौथी (१-३, ४-६, २-५) आणि पाचवी (१-५, २-४, ३-६) दोन्ही फेऱ्या सुरळीत लागल्या असत्या.

वीस खेळाडूंच्या जोड्या ६५ कोटींहून अधिक प्रकारे लावता येतात, पण सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. दोघं जोडीविना उरले, तर एकापासून निघायचं: एक रेघ जोडीबाहेरची, पुढची जोडीतली, असं आलटूनपालटून दुसऱ्यापर्यंत पोचायचं. मग वाटेवरच्या जुन्या जोड्या मोडून जोडीबाहेरच्या रेघांच्या जोड्या करायच्या; एक जोडी वाढते. वाटेत विषम संख्येने ठिपके असलेलं वर्तुळ आलं की हा शोध चकतो. गणितज्ञ जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये ते अख्खं वर्तुळच एका ठिपक्यात मिटवलं आणि त्याला 'फूल' म्हटलं. किती सुंदर युक्ती!

स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावणाऱ्या स्पर्धेत, रेघांना वजनही देता येतं: गुण जवळचे असतील तर जास्त, दोघांनाही पांढरी मोहरी मिळायला हवी असतील तर कमी. मग एकूण वजन सर्वांत जास्त भरेल अशी जुळणी शोधायची. तेही एडमंड्स यांच्याच पद्धतीने होतं.