पुंगळीतून न सुटणारी गोळी : १९२१चं कथील आणि पुढचं सगळं

भरलेल्या काडतुसातून गोळी उपसून काढणं हा अमेरिकेतल्या हँडलोडरांचा, म्हणजे स्वतःची काडतुसं हाताने भरणाऱ्या हौशी मंडळींचा, नेहमीचा उद्योग. कधी बंदुकीची दारू जास्त पडल्याची शंका येते, कधी स्वस्तात घेतलेल्या लष्करी पेटीतल्या दारूवर विश्वास बसत नाही, कधी नुसती गोळीच हवी असते. बहुतेक गोळ्या हातोड्यासारख्या पुलरच्या (गोळी उपसायच्या अवजाराच्या) दोन-चार ठोक्यांत निघतात. काही मात्र हात भरून येईस्तोवर ठोकल्या तरी जागच्या हलत नाहीत. अशा वेळी गंजाला दोष द्यायची पद्धत आहे. गंज असतोही, पण गोळी घट्ट बसावी ही व्यवस्था मुळात कारखान्यातच केलेली असते, आणि ती का केली हे पाहिल्याशिवाय आजच्या अवजारांचा अर्थ लागत नाही.

काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न फारसा नव्हताच. गोळी मऊ शिशाची. चिमट्याने ओढताना चेपली तर वितळवून पुन्हा साच्यात ओतायची. १८८४ मध्ये अमेरिकेत पक्कडीच्या आकाराचं, खिशात मावणारं रीलोडिंगचं, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं, अवजार बाजारात आलं. .४५-७० या रायफल काडतुसाच्या पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी धातूची नळकांडी) तर लष्करी ठाण्यांवर सैनिकच पुन्हा भरत. मग १८८६ मध्ये फ्रेंचांनी धूरविरहित दारूची रायफल आणली आणि दहा-पंधरा वर्षांत सगळं पालटलं. गोळीवर कडक धातूचं जॅकेट चढलं, काडतुसं मॅगझिनमध्ये गेली, पाठोपाठ मशीनगनच्या पट्ट्यात गेली. मॅगझिनमधली गोळी प्रत्येक बाराच्या धक्क्याने मागे सरकू पाहते. मशीनगनमध्ये काडतूस इतक्या जोरात चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) आदळतं की गोळी पुढे निसटायची भीती. म्हणून पुंगळीच्या मानेला (गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या भागाला) क्रिम्प आला, म्हणजे तिची कड गोळीवर आवळली जाऊ लागली, आणि पाणी शिरू नये म्हणून मानेच्या आतून डांबराचा हात आला. गोळी किमान किती ओढ सहन करेल याचे आकडे ठरले. ७.६२ मिमी नाटोच्या साध्या गोळीसाठी अमेरिकन लष्कराची अट ६० पौंडांची, म्हणजे सुमारे २७ किलोची. ही झाली खालची मर्यादा. हँडलोडरचं दुखणं वरच्या टोकाला सुरू होतं.

या सगळ्या इतिहासात एका वर्षावर जितकी शाई खर्च झाली तितकी इतर कशावरच नाही. ते वर्ष १९२१.

तेव्हा गोळीचं जॅकेट तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं असे. वेग वाढला की त्याचे गोळे नळीच्या आत चिकटत आणि नेम बिघडत असे. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी दारूत कथील मिसळून हा चिकटा कमी केला होता. त्यावरून फिलाडेल्फियाच्या सरकारी शस्त्रागाराला कल्पना सुचली की कथील थेट गोळीवरच चढवावं. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्या वर्षी कथलाचा मुलामा दिलेल्या गोळ्यांची काडतुसं तयार झाली. नेमाला ती उत्तम होती आणि नळीही स्वच्छ राहत होती. फक्त एक झालं. पेटीत पडून राहिलेल्या काडतुसांत कथील आणि मानेचं पितळ एकजीव होऊ लागले. भट्टी नाही, डाग देणं नाही, तरी डाग दिल्यासारखा जोड. गोळी सुटायला नेहमीच्या कित्येक पट ओढ लागू लागली.

दुसरीकडे नेमबाजांना एक जुनी सवय होती. चिकटा टाळण्यासाठी बार भरण्याआधी गोळीचं टोक ग्रीसच्या डबीत बुडवायचं. स्पर्धेआधी ताकीद दिली गेली की या काडतुसांना ग्रीस लावू नका. काहींनी ऐकलं नाही आणि काही रायफली फुटल्या. (काडतूस आणि चरबी हे शब्द शेजारी आले की आपल्याला १८५७ आठवतं. इथला वाद धर्माचा नव्हता, पण दोन्ही बाजूंचा हेका तितकाच.)

अधिकृत स्पष्टीकरण ग्रीसकडे बोट दाखवतं. बार उडताना पुंगळीची मान किंचित फुगते तेव्हाच गोळी सुटते. ग्रीसने मान आणि चेंबर यांच्यातली फट भरली तर मानेला फुगायला जागा उरत नाही, गोळी अडते आणि दाब भडकतो. स्पष्टीकरण तर्काला धरून आहे, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकन नेमबाजांच्या पिढ्यांना ‘काडतुसाला ग्रीस म्हणजे घात’ हेच शिकवलं गेलं. पण स्विस लष्कराने १९११ च्या आपल्या काडतुसाच्या तोंडाशी ग्रीसचं वेढणं देऊनच ते वर्षानुवर्षं वापरलं, आणि त्यांच्या रायफली काही फुटत सुटल्या नाहीत. शिवाय स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या स्प्रिंगफील्ड रायफलींत ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाच्या रायफलींचं पोलाद तापवण्यात चूक झाली होती, ते ठिसूळ होतं, आणि हे महायुद्धाच्या काळातच लक्षात आलं होतं. म्हणजे एका बाजूला पितळाशी एकजीव झालेली गोळी, दुसऱ्या बाजूला ठिसूळ रिसीव्हर (बाराचा दाब झेलणारा रायफलीचा मधला भाग), आणि मधल्या मधे ग्रीसची डबी हातात धरलेला नेमबाज. दोष त्याच्या माथी मारणं सगळ्यात स्वस्त होतं. ग्रीस अगदीच निष्पाप होतं असं नाही, पण कथील नसतं तर ग्रीसची एवढी चर्चा झाली नसती, हे मात्र पटतं. कथलाचा प्रयोग लगोलग गुंडाळण्यात आला, आणि १९२२ पासून तांबं-जस्ताच्या जॅकेटने चिकट्याचा प्रश्न मुळातूनच सोडवला. ग्रीसबद्दलचं भय तेवढं मागे राहिलं.

योगायोग असा की मानेच्या पितळाच्या दुसऱ्या एका रोगाचं निदानही १९२१ मध्येच झालं, आणि तो रोग आपल्या पावसाळ्याचा. ब्रिटिश फौजांची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात, तबेल्यांजवळ साठवली की पितळ आपोआप तडकायचं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात साचलेला ताण, हे दोन्ही मिळून तडा पाडतात हे तेव्हा सिद्ध झालं. मान तापवून ताण उतरवणं हा त्यावरचा उपाय. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्या तापवण्याची खूण. जुनी गोळी ओढताना मान उभी चिरली, तर आधी या तड्याचा संशय घ्यावा.

खडकीच्या कारखान्याची .३०३ काडतुसं परदेशातल्या संग्राहकांच्या हाती अजून पडतात. बुडावर ‘केएफ’ची रोमन अक्षरं असतात. कॉर्डाइट (ब्रिटिशांची धूरविरहित दारू) भरलेलं असं काडतूस उघडलं तर दारू ओतली जात नाही. आत शेवयांसारख्या लांब काड्यांची जुडी असते, वर पुठ्ठ्याची चकती. काड्या आधी घालून मगच पुंगळीची मान आवळलेली असल्यामुळे त्या चिमटीने एक-एक काढाव्या लागतात. पुंगळी बर्डन पद्धतीच्या प्राइमरची (दारू पेटवणाऱ्या टोपीची), म्हणजे पुन्हा भरायला किचकट. हाती लागते ती १७४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) मार्क ७ गोळी, जिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा असतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे घरच्या टेबलावरचं रीलोडिंग आपल्याकडे रुजलं नाही. हा छंद मराठी माणसाला भेटतो तो बहुधा टेक्सास किंवा ओहायोत स्थायिक झाल्यावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिल्लक दारूगोळ्याचा पूर आला, आणि आजचा हँडलोडर त्याच पुरात घडला. कॅन्ससमधल्या एका नोकरदाराने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ५०,००० पौंड सरकारी दारू उचलली आणि रेल्वेचा डबा माळावर ठेवून त्यात साठवली. २० मिमी तोफेसाठी बनलेली मंद दारू लवकरच शिकारी रायफलींत जळू लागली. त्याच ओघात उपसलेल्या गोळ्यांचाही बाजार उभा राहिला. काळ्या टोकाची .३०-०६ चिलखतभेदी गोळी काढून तिच्या जागी शिकारी गोळी बसवायची, दारू तीच ठेवायची, असले प्रकार सर्रास चालत. स्पर्धकांनी त्याचीच सुधारून आवृत्ती काढली. लष्करी मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, काडतुसातली १७३ ग्रेनची गोळी ओढायची आणि १६८ ग्रेनची नागरी गोळी बसवायची. निकाल इतके चांगले आले की पुढे लष्करानेच १६८ ग्रेनच्या गोळीचं स्वतंत्र मॅच काडतूस काढलं.

डांबराने धरलेल्या गोळीवरची युक्तीही या मंडळींच्या हाताखालीच पक्की झाली. ओढण्याआधी प्रेसवर (काडतुसं भरायच्या दांड्याच्या यंत्रावर) सीटिंग डायने (गोळी बसवायच्या साच्याने) गोळी केसभर आत दाबायची. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, डांबराचा पापुद्रा तुटतो, आणि मग तीच गोळी सहज निघते. उपसायची वस्तू आधी आत ढकलायची हे नवख्याला पटत नाही, पण प्रेसच्या दांड्याला तो झटका एकदा जाणवला की पटतं. कोलेटचा पुलर गोळीला बाहेरून आवळून धरतो, म्हणून लांब उघड्या गोळीला तो बरा. आखूड, गोल टोकाच्या पिस्तुली गोळीवर त्याची पकड बसत नाही, तिथे हातोडाच लागतो. रिमफायर काडतूस हातोड्यात कधीच घालायचं नाही, कारण त्याचा प्राइमर कडेतच असतो. हातोड्यात काडतूस उडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. रंगीत टोकाच्या ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या) आणि आग्या गोळ्यांना ठोके देणं हा तर शुद्ध वेडेपणा.

२००९ मध्ये अमेरिकन लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या चिरडूनच विकाव्यात असा हुकूम निघाला. रीलोडरांनी ओरड केली, सिनेटर मध्ये पडले आणि हुकूम मागे घेतला गेला. तो टिकला असता तर स्वस्त पितळाचा मोठा झराच आटला असता. २०१३ आणि २०२० च्या टंचाईत प्राइमर मिळेनासे झाले, तेव्हा लोक फसलेली काडतुसं फेकून न देता उलगडू लागले आणि पुलर पुन्हा खपू लागला.

गेल्या काही वर्षांत हट्टी गोळीचं एक नवंच कारण पुढे आलंय, आणि ते हँडलोडरने स्वतःच ओढवून घेतलेलं आहे. पोलादी पिनांच्या ओल्या ड्रममध्ये किंवा अल्ट्रासॉनिकमध्ये पुंगळ्या घासल्या की मान आतूनही आरशासारखी लख्ख होते. जुन्या पद्धतीने अक्रोडाच्या भुशात घासलेल्या मानेत काजळीचा पातळ थर उरायचा, तो वंगणाचं काम करायचा. तो गेला की तांब्याचं जॅकेट आणि उघडं पितळ थेट भिडतात, आणि वर्षानुवर्षं ठेवलेल्या काडतुसात गोळी धरून बसते. काही जण मानेत ग्रॅफाइट लावतात, काही जण पिना सोडून पुन्हा भुशाकडे वळलेत. तिसऱ्या एका गटाच्या मते हे सगळे मनाचे खेळ आहेत आणि खरा दोष मानेचा ताण जास्त ठेवण्यात आहे. त्यांच्यातले काही तर भरून ठेवलेली सगळी काडतुसं वापरण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा प्रेसवर चढवतात आणि प्रत्येक गोळी केसभर आत दाबतात.