टॉम क्रूझच्या आधीचा ‘मिशन इम्पॉसिबल’

कोनामी या जपानी कंपनीचा जुना ‘मिशन इम्पॉसिबल’ व्हिडिओ गेम टॉम क्रूझच्या सिनेमावरून केला, असं अनेक जण आजही छातीठोकपणे सांगतात. साल बघितलं तरी हा दावा कोसळतो. निन्टेंडोच्या ८-बिट गेमिंग यंत्रावर हा गेम १९९० मध्ये आला, आणि क्रूझचा पहिला सिनेमा १९९६ मध्ये. बारसं आधी आणि लग्न नंतर, अशातला हा प्रकार!

गेमचं मूळ आहे टीव्ही मालिकेत. पहिली मालिका १९६६ ते १९७३ चालली. १९८८ मध्ये अमेरिकेत पटकथालेखकांचा संप झाला आणि त्या काळात एबीसी वाहिनीने ती नव्याने काढली, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात. गेममधले मॅक्स, ग्रँट आणि निकोलस हे तिघे हेर या नव्या मालिकेतलेच. क्रूझने सिनेमात साकारलेला ईथन हंट तेव्हा कागदावरही नव्हता.

मालिकेचा बाज गेममध्येही उतरलाय. वरून दिसणाऱ्या नकाशात तिघांना आलटून पालटून वापरायचं. मॅक्सकडे मशीनगन, पण नुसत्या गोळीबाराने निभाव लागत नाही. ग्रँट इलेक्ट्रॉनिक कुलपं झटपट उघडतो, तर निकोलस वेषांतर करून पहारेकऱ्यांना चकवतो. (मला विचाराल तर खरी मजा निकोलसचीच.)

गोंधळ होण्याचं कारणही आहे. १९९८ मध्ये निन्टेंडो ६४ या नंतरच्या यंत्रावर याच नावाचा दुसरा गेम आला. तो मात्र खरोखर सिनेमावरचा, नायक ईथन हंट. गंमत म्हणजे त्यातही चेहरा क्रूझचा नाही.